एकाच माइकात गळा आणि खंजिरी

खंजिरी भजन म्हणणारे बुवा खंजिरीही स्वतःच वाजवतात. विदर्भातल्या माणसाला हे सांगायला नको. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९-१९६८) असेच गायचे आणि मोझरीच्या गुरुकुंजातून ही रीत गावोगावच्या भजनी मंडळांत गेली. ऐकणाऱ्याला त्यात काही अडत नाही. रेकॉर्डिंग करणाऱ्याला मात्र पहिल्या थापेपासून अडतं. तोंड आणि खंजिरी यांच्यात हातभर अंतर. गळ्यासमोर माइक लावला की त्यात खंजिरी शिरते, खंजिरीपुढे लावला की त्यात गळा शिरतो. पुढे सॉफ्टवेअरच्या पडद्यावर ‘आवाज’ असं नाव दिलेला जो ट्रॅक दिसतो, त्यात अर्धी खंजिरी असते. त्यावर चढवलेला प्रत्येक इफेक्ट दोघांवरही चढतो.

हुडकेश्वर एके काळी नागपूरच्या बाहेरचं गाव होतं. आता म्हाळगीनगर चौकातून निघालं की लेआउटमागून लेआउट लागतात, मधे कुठं नागपूर संपतं ते कळत नाही. त्यातल्याच एका लेआउटमध्ये आमचं घर आहे. वरची दहा बाय बाराची खोली माझ्या बायकोनं गाद्या, रजया आणि जाड पडदे टांगून रेकॉर्डिंगची खोली केली. एक लॅपटॉप, त्यात रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, एक इंटरफेस, तीन माइक. शेजारच्या वस्तीतलं भजनी मंडळ तिच्याकडं सहा भजनं करून घ्यायला आलं आणि त्याच आठवड्यात तिचे मामा मुक्कामाला आले. मामा तरुणपणी ऑर्केस्ट्रात साउंडवर बसायचे. पुढे कॅसेटचा जमाना आला तेव्हा भजनं आणि भीमगीतं त्यांनी पुष्कळ रेकॉर्ड केली. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांच्या शेजारी कॅसेटींचे ढीग लागायचे, त्यातल्या काही त्यांच्या हातच्या.

इफेक्ट लावायचे का, यावर दोघांचं वाजलं. वयावरून कोण कुठल्या बाजूला असेल याचा अंदाज बांधू नका. इफेक्ट हवेत मामांना, नकोत भाचीला. पुढचं बोलणं त्या आठवड्यातलं आहे. मी बहुतेक वेळ चहा नेऊन देत होतो. दोघंही मला मधूनमधून साक्षीला ओढत.

मामा: कूलर काऊन बंद केला बापा? बुवांचा घाम पाहिला का?

भाची: कूलर चालू असला की खाली सतत घरघर येते मामा. टाटीवरून पाणी झिरपतं त्याची सरसर वेगळीच.

मामा: येऊ दे नं. सुरुवातीला पाच सेकंद सगळ्यांना गप्प बसव. त्या घरघरीचा नमुना दाखव सॉफ्टवेअरला, अन् मंग नॉइज रिडक्शन लाव. ऑडॅसिटीत फुकटात आहे.

भाची: आहे. पण त्या नमुन्यात जे सूर सापडतात तेच ते पूर्ण ट्रॅकभर दाबत जातं. बुवांच्या खर्जातही तेच सूर आहेत. थोडं जास्त झालं की माणूस पाण्यात तोंड बुडवून गातोय असं वाटतं.

मामा: मंग थोडंच कर. सहा डेसिबल. बारा काऊन करतेस?

भाची: कूलर बंद केला की शून्य.

मे महिन्यातलं नागपूर. पारा पंचेचाळीसच्या आसपास. या वादाचा निकाल मंडळानंच लावला. पहाटेचं सामुदायिक ध्यान आटोपून मंडळी थेट इकडं आली आणि ऊन चढायच्या आत दोन भजनं झाली. कूलर बंद आणि बुवा कोरडे. तंत्रातले किती प्रश्न घड्याळाने सुटतात, याचा कुणीतरी हिशेब ठेवला पाहिजे.

खरी वादावादी ट्रॅक पडद्यावर उघडल्यावर सुरू झाली.

भाची: माझं म्हणणं साधं आहे. बुवा गातात तसे ऐकू यावेत. मधे मी नको, तुम्ही नको, प्लगइन नको.

मामा: अन् ह्या रजया कोणी टांगल्या?

भाची: त्या खोलीचा आवाज येऊ नये म्हणून.

मामा: म्हणजे खोलीच काढून टाकली तू. बुवा जन्मात कधी रजयांमधी बसून गायले का? ते सभामंडपात गातात, पारावर गातात, मांडवात गातात. माणसाच्या आवाजाभोवती नेहमी काही ना काही जागा असते. ती तू कापून घेतली अन् म्हणते, जसेच्या तसे. जावईबापू, तुम्ही सांगा, हा इफेक्ट नाही तं काय आहे?

मला हे पटलं. भाचीला पटलं नाही. तिच्या चेहऱ्यावरून ते स्पष्ट होतं. थोडं गणित केलं तर मामांचं म्हणणं आणखी घट्ट बसतं. वीस अंश तापमानाला ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. आमच्या मे महिन्यातल्या दुपारी तो ३५८ पर्यंत पोचतो, पण तो फरक सोडून देऊ. आमच्या खोलीतली भिंत बुवांपासून दीड मीटरवर. आवाज तिथं जाऊन परत यायला सुमारे नऊ मिलिसेकंद लागतात. इतक्या लवकर परत आलेला आवाज कानाला वेगळा कळत नाही, तो मूळ आवाजातच मिसळतो आणि त्याचा रंग बदलतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकानं १९४९च्या प्रबंधात हेच मांडलं होतं: तीस-चाळीस मिलिसेकंदांच्या आत आलेलं प्रतिबिंब कान मूळ आवाजाच्याच खात्यात जमा करतो. विजापूरच्या गोलघुमटाचा व्यास ४४ मीटर. एका कडेची टाळी समोरच्या भिंतीवर आपटून परत यायला पाव सेकंद लागतो, म्हणून तिथं प्रतिध्वनी सुटा ऐकू येतो. रिव्हर्ब आणि डिले हे दोन प्लगइन म्हणजे या दोन अंतरांचंच बटणांत मांडलेलं रूप आहे. नागड्या सिमेंटच्या खोलीत बुवांना बसवलं असतं तर तिचा टणटणीतपणा ट्रॅकमध्ये कायमचा आला असता, आणि तो कुणी ‘इफेक्ट’ म्हणून मोजला नसता.

मामा: एकोणपन्नास सालची गोष्ट सांगतो. ‘महल’ सिनेमा. ‘आयेगा आनेवाला’. नायिका दुरून येते असं वाटायला हवं होतं. तेव्हा प्लगइन कुठं होते? खेमचंद प्रकाशांनी लताबाईंना खोलीच्या कोपऱ्यातून गात गात माइककडं चालत यायला लावलं. तो इफेक्टच होता की नाही?

भाची: चालत त्या स्वतः आल्या मामा. तो अंतराचा आवाज खरा आहे. कुणी नॉब फिरवलेला नाही.

मामा: ऐकणाऱ्याला त्यांचे पाय दिसले का? त्याला दूरची बाई जवळ येताना ऐकू आली. खोलीच्या एका कोपऱ्याचा उपयोग करून हवेली उभी केली. सोंग ते सोंगच.

भाची: पण त्या सोंगात गाणाऱ्याला ठाऊक होतं आपण काय करतोय. चालताना तिचा दम, तिचा सूर, सगळं त्या चालण्याशी जुळलेलं होतं. बुवा घरी गेल्यावर मी त्यांना गोलघुमटात नेऊन बसवलं तर त्यांना कुठं ठाऊक असणार?

यावर मामा क्षणभर थांबले. माझ्या मते त्या आठवड्यातला भाचीचा हा सगळ्यात चांगला मुद्दा. ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीपासून पाहिलं तर गाणारा बहुतेक वेळा इफेक्टमध्ये सामील होता. फ्रेड गेसबर्ग १९०२ साली ग्रामोफोन कंपनीसाठी कलकत्त्यात आला तेव्हा समोर फक्त कर्णा होता. वीज वापरून, माइकवर रेकॉर्डिंग सुरू झालं १९२५ पासून. त्याआधी वरच्या सुराला गायक कर्ण्यापासून मागं सरकायचा आणि हळू जागेला पुढं यायचा, नाही तर सुई उडायची. आवाजाची चढउतार आवरणारा आजचा कंप्रेसर तेव्हा गायकाच्या पायांत होता. नंतर तो रेकॉर्डिंग करणाऱ्या माणसाच्या हातात गेला आणि गायकाचा त्याच्याशी संबंध संपला.

कंप्रेसरवरून मग जे झालं त्यात मात्र भाचीला मामांपुढं नमतं घ्यावं लागलं.

मामा: बुवा कधी खर्जात गुणगुणतात, कधी एकदम वर जातात. बसमधी फोनवर ऐकणाऱ्याला अर्धं भजन ऐकू येणार नाही. कंप्रेसर लाव.

भाची: लावून पाहिला. थ्रेशोल्ड उणे वीस, रेशो चारास एक. म्हणजे आवाज उणे आठपर्यंत गेला, तर रेषेच्या वर गेलेल्या बारा डेसिबलपैकी तीनच पुढं जातात, उणे सतरावर अडतात. कागदावर छान आहे. पण ऐका आता.

तिनं ऐकवलं. खंजिरीवर थाप पडली की बुवांचा आवाज खाली बसायचा आणि हळूहळू परत वर यायचा. थाप, बसला, थाप, बसला. गायला बसलेला माणूस जणू दर मात्रेला पायरी चुकत होता.

भाची: पाहिलं? कंप्रेसरला गळा आणि खंजिरी यांतला फरक कळत नाही. खंजिरी मोठी झाली की तो गळाही दाबतो.

मामा: मंग त्याला खंजिरी ऐकूच येऊ देऊ नको.

भाची: म्हणजे?

मामा: कंप्रेसर आवाज दाबतो एक, पण कधी दाबायचं ते ठरवायला ऐकतो वेगळं. त्याच्या ऐकण्यावर चाळणी लाव. तुझ्या रीपरमधल्या कंप्रेसरला लो-पास आहे, तो तीन हजार हर्ट्झवर आण. खंजिरीच्या झांजांची किणकिण त्याच्या वरती आहे. आता त्याला ती ऐकू येणार नाही. ट्रॅकमधी मात्र जशीच्या तशी राहील. अन् अटॅक एक मिलिसेकंद ठेवला आहेस तो तीस कर. चामड्यावरची थाप तोवर निघून जाते.

थापेला आवाज दबणं जवळजवळ थांबलं. मामांनी लगेच हक्काची मागणी पुढं केली.

मामा: आता इको.

भाची: इको नाही. फार तर थोडा रिव्हर्ब.

मामा: तेच ते.

भाची: तेच ते नाही मामा, तुम्हालाच ठाऊक आहे.

मामा ठाऊक असूनही सगळ्याला इकोच म्हणतात. नागपुरातले निम्मे साउंडवाले तेच म्हणतात. त्यांची उमेदीची वर्षं टेपच्या इको मशीनवर गेली. त्या यंत्रात टेपचा एक वेटोळा फिरत राहायचा. एक हेड आवाज टिपायचं, पुढची हेडं तोच थोड्या थोड्या उशिरानं ऐकवायची. ऐकवलेलाच आवाज पुन्हा टेपवर जायचा आणि दर फेरीला झिजायचा, म्हणून प्रत्येक पुनरुच्चार आधीच्यापेक्षा मऊ आणि मंद यायचा. आजचे डिले प्लगइन हा झिजलेपणा मुद्दाम बनवून विकतात, हे ऐकून मामा खूप हसले होते. नागपुरात इकोचा एक वेगळाच वारसाही आहे. ताजबागच्या संदलमध्ये, लग्नाच्या वरातीत धुमाल पार्टीचा बेंजो आणि ऑक्टापॅड ज्यांनी ऐकला आहे, त्यांना इकोशिवाय ती वाद्यं कल्पनेतही येणार नाहीत. तिथं इको म्हणजे वरून घातलेला मसाला नाहीच. मामांचा कान त्या गल्ल्यांत तयार झालेला.

भाची: प्रत्येक ट्रॅकवर वेगळा रिव्हर्ब टाकला की बुवा एका खोलीत, पेटी दुसरीत, साथ करणारे तिसरीत बसल्यासारखे होतात. मी एकच रिव्हर्ब वेगळ्या बसवर ठेवते आणि सगळ्या ट्रॅकमधून थोडा थोडा आवाज तिकडं पाठवते. सगळे एकाच छताखाली.

मामा: हे चांगलं करतेस. पण खंजिरीला शेपटी येऊन राहिली, ऐक. छन्‌च्या जागी छन्न्न्न.

भाची: म्हणूनच म्हणते, नको.

मामा: रिव्हर्बच्या आधी ईक्यू टाक. चार हजारच्या वरचं रिव्हर्बकडं जाऊच देऊ नको. खालचंही दोनशेच्या आतलं काप, नाही तं पेटीचा भाता घुमत राहील. गळा तेवढा देवळात जाईल अन् खंजिरी पारावरच बसेल.

लंडनच्या ॲबे रोड स्टुडिओतले लोकही इको चेंबरकडं आवाज पाठवताना त्याचं वरचं आणि खालचं टोक कापत असत. मामांनी ॲबे रोडचं नाव कधी काढलं नाही. त्यांना हे मांडवातल्या शिट्ट्यांनी शिकवलं.

एवढ्यावर तह झाला असता. पण भाचीच्या मनात दुसरंच होतं. मुळात गळा आणि खंजिरी वेगळे मिळाले तर हे सगळे वळसे लागणार नाहीत. मामांनी सुचवलं की बुवांनी आधी नुसती खंजिरी वाजवावी, मग हेडफोनवर ती ऐकत नुसतं गावं; सिनेमाची गाणी आता अशीच होतात. बुवांनी मान्य केलं. नुसती खंजिरी ठीक झाली. गायला बसले तेव्हा मात्र उजवा हात मांडीवर अस्वस्थ फिरत राहिला, श्वास नको तिथं पडला, आणि दुसऱ्या कडव्याला ते स्वतःच थांबले. “हात रिकामा असला की तोंड चालत नाही,” म्हणाले. ते टेक आम्ही ठेवलं नाही.

मग मामांनी यंत्राकडं बोट दाखवलं. आता अशी सॉफ्टवेअरं आली आहेत की एकाच ट्रॅकमधून गळा आणि वाद्यं वेगळी काढून देतात. डीझर कंपनीनं २०१९ मध्ये स्प्लीटर नावाचं असं साधन सगळ्यांसाठी खुलं केलं. २०२३ मध्ये बीटल्सचं ‘नाउ अँड देन’ आलं, त्यात जॉन लेननचा आवाज एका जुन्या घरगुती कॅसेटवरच्या पियानोतून असाच सोडवून घेतला होता.

भाची: करून पाहिलं. खंजिरी बरीचशी गेली. तिच्याबरोबर बुवांचे ‘स’ आणि ‘श’ही गेले.

मामा: काऊन?

भाची: झांजांची किणकिण आणि ‘स’चा फुत्कार एकाच उंचीवर असतात, पाच-सहा हजार हर्ट्झच्या पुढं. यंत्रानं दोन्ही एकाच टोपलीत टाकले.

मामा: मंग जाऊ दे. ‘स’ नसलेला संत काय कामाचा.

पेटीवरून झालेला वाद छोटा होता, पण मला तो जास्त आवडला. साथ करणाऱ्यांतला एक जण सतत थोडा उतरत होता. मामा म्हणाले, त्याला ऑटोट्यून लाव, कुणाला कळणार नाही. १९९७ मध्ये हे सॉफ्टवेअर काढणारा अँडी हिल्डेब्रँड आधी तेल कंपन्यांसाठी जमिनीखालच्या कंपनांचा अभ्यास करायचा; सूर मोजायचं गणित त्यानं तिथून आणलं.

भाची: ते माणसाला बारा पट्ट्यांत कोंबतं.

मामा: अन् पेटी? तिलाही बाराच पट्ट्या. म्हणून तं आकाशवाणीनं १९४० पासून पेटीवर बंदी घातली होती, ती १९७१ मधी उठली, तीही अटी घालून. आपलं नागपूर केंद्र १९४८ मधी सुरू झालं तेव्हा तिथं पेटी चालत नव्हती. आज तीच पेटी तुला शुद्ध वाटते अन् ऑटोट्यून अशुद्ध?

भाची: पेटी गाणाऱ्याच्या शेजारी बसते मामा. ती चुकीचा सूर लावते तेव्हा बुवा तिच्यापासून बाजूला सरकून त्यांचा सूर लावतात. ऑटोट्यून गळ्यातच जाऊन बसतं. त्याच्यापासून सरकणार कसं?

मामांनी उत्तर दिलं नाही. उतरणाऱ्या साथीदाराचा फेडर त्यांनी तीन डेसिबल खाली घेतला आणि विषय बदलला.

आता मुख्य भांडणाकडं येतो. त्याला निमित्त झालं एका कॅसेटचं. मामांनी काही दशकांपूर्वी रेकॉर्ड केलेलं एका बुवांचं भजन. ते बुवा आता नाहीत आणि त्यांच्या नातवाला तो आवाज फोनमध्ये हवा आहे. भाचीनं कॅसेट लॅपटॉपवर उतरवून घेतली. हिस्स कमी केला, उंच सूर थोडे उचलले. पण त्यावर मामांचा टेप इको होता, भरपूर. तो मिक्सरमधून जाता जाताच टेपवर बसलेला.

भाची: हा काढून दाखवा आता.

मामा: काऊन काढायचा?

भाची: कारण बुवा मागं आहेत आणि इको पुढं. शब्दावर शब्द चढलेत. आज तुम्हाला वाटलं की कमी असता तर बरं झालं असतं, तरी कमी करता येत नाही. तुम्ही एका दिवशी घेतलेला निर्णय त्या नातवाला जन्मभर ऐकावा लागणार.

मामा: त्या पोराला आजोबा इकोसकटच आठवतात, बेटा. लाउडस्पीकरवर, यात्रेत, असेच ऐकले त्यानं. तू इको काढून दिला तं तो म्हणेल हे आजोबा नाहीत.

भाची: म्हणू दे. त्याला दोन्ही देता आले असते. आता एकच देता येतं.

इथं मला माझं मत लपवता येत नाही. इफेक्ट किती, यावर दोघं आठवडाभर भांडले, आणि त्या भांडणात मामा जास्त वेळा बरोबर होते, कारण त्यांचे कान ऐकणाऱ्याच्या जागी जाऊन बसतात. पण इफेक्ट कुठं ठेवायचा, ट्रॅकच्या आत की बाहेर, यात भाचीचंच खरं. मामांच्या काळात हा पर्याय नव्हता. टेपवर एकदा गेलं की गेलं. संगणक आल्यावरही पुष्कळ दिवस लोक तसंच करत राहिले. ऑडॅसिटी २००० साली आलं, फुकट होतं म्हणून घरोघरी पोचलं. पण त्यात इफेक्ट लावायचा म्हणजे लाटेचाच आकार बदलायचा. सेव्ह करून बंद केलं की अन्-डूची वाटही बंद. २०२२ मधल्या ३.२ आवृत्तीत चालत्या ट्रॅकवर इफेक्ट लावायची आणि हवा तेव्हा काढायची सोय तिथं आली. रीपरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ती पहिल्यापासून होती: ट्रॅकवर एफएक्सचं बटण, त्यात एकाखाली एक प्लगइन, प्रत्येकापुढं चालू-बंदची खूण. खाली मूळ फाइल जशी आली तशी पडून असते.

या रचनेत क्रम महत्त्वाचा असतो आणि तो चुकला तरी दुरुस्त करता येतो. भाची आधी ईक्यूनं ऐंशी हर्ट्झच्या खालची धडधड काढते, मग कंप्रेसर, रिव्हर्ब शेवटी आणि वेगळ्या बसवर. रिव्हर्ब कंप्रेसरच्या आधी आला की कंप्रेसर त्या शेपटीलाही उचलतो आणि दोन ओळींमधली शांतता फुगते. मामांना हे कानानं कळतं, भाची प्लगइन वरखाली सरकवून दाखवते. मामांनी एकदा तिला सगळे प्लगइन एकदम बंद करायला सांगितले आणि रजयांतले कोरडे बुवा ऐकून म्हणाले, “हे कोणालाही ऐकवू नको. पण फेकू पण नको.”

यानंतर भाचीनं जे केलं त्यात दोघांच्या बाजू उलटसुलट झाल्या. कुठल्याही जागेचा घुमारा टिपून तो दुसऱ्या आवाजाला लावता येतो. जागेत एक कडक आवाज करायचा, फुगा फोडायचा, त्याचं विरत जाणं रेकॉर्ड करायचं. सॉफ्टवेअर त्या नमुन्यातून ती जागा पुन्हा उभी करतं. सोनीनं १९९९ मध्ये असं यंत्र काढलं तेव्हा ते मोठ्या स्टुडिओंनाच परवडायचं, आता लॅपटॉपवर होतं. भाची दुपारी मंडळाच्या देवळात गेली, पुजाऱ्यांची परवानगी काढली, पंखे बंद केले आणि फुगे फोडून आली. बाहेरची दोन पोरं धावत आली, त्यांना उरलेले फुगे मिळाले.

भाची: आता बुवा त्यांच्याच देवळात आहेत. खोटी जागा नाही. तुम्हाला हवा होता तो घुमाराही आहे.

मामा: हे देऊळ नाही.

भाची: अहो, कालच जाऊन आले मी.

मामा: कालचं देऊळ आहे. भिंतीला टाइल लावल्या, खाली चकचकीत फरशी, समोर लोखंडी जाळी. ऐक, कसं टणटण करून राहिलं. बुवा जिथं गायला शिकले ते देऊळ मातीच्या भिंतीचं होतं, वर कवेलू. आवाज विरायचा, आपटायचा नाही. तुझं खरं देऊळ काढ अन् माझा खोटा प्लेट रिव्हर्ब लाव, दीड सेकंदाचा. तो जास्त खरा आहे.

भाची: म्हणजे आता तुम्ही मला सांगणार खरं काय ते?

मामा: तूच तं म्हणत होती बुवा जसे आहेत तसे. बुवा कवेलूखालचे आहेत.

भाचीनं देवळाचा नमुना बंद केला नाही, पण त्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आणलं आणि त्याच्या शेजारी मामांचा प्लेट चालू केला, वरचे सूर कापून. दोन्हींची बटणं वेगळी ठेवली. शेवटी लिमिटर लावताना मामा म्हणाले, आणखी चढव, दुसऱ्यांच्या गाण्यांपेक्षा मोठं वाजलं पाहिजे. तिनं सांगितलं की यूट्यूब आवाजाच्या मोठेपणाच्या मापात साधारण उणे चौदा एलयूएफएसच्या वरचं सगळं स्वतःच खाली आणतं, त्यामुळं चढवून मिळत काही नाही, थापेचा कडकपणा मात्र जातो. हे मामांना नवं होतं. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

मंडळाला ऐकवायच्या दिवशी बुवा एकटेच आले. मामांनी हेडफोन पुढं केले, त्यांनी नको म्हटलं. मोठे स्पीकर लावायला भाची उठली, तर म्हणाले फोनवर पाठवा, लोक त्यावरच ऐकणार. तिनं पाठवलं. बुवांनी फोन कानाशी धरला. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून देऊळ, प्लेट, चार हजारचा फिल्टर यांतलं काय ऐकू येत असेल, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. भजन संपलं. बुवांनी पुन्हा पहिल्यापासून लावलं, या वेळी डोळे मिटून.

“चांगलं आहे,” ते म्हणाले. “फक्त खंजिरी थोडी मोठी करा. मी एवढ्या हळू वाजवत नाही.”

भाचीनं मामांकडं पाहिलं. “आणि गळा?”

“गळा तिच्या मागं येतोच,” बुवा म्हणाले.

मामांनी खुर्ची पुढं ओढली. “किती करायची? दोन डेसिबल?”

“डेसिबल मला कळत नाही,” बुवा म्हणाले. “तुम्ही चढवत जा, मी सांगतो.”